खालचा खिळा

११ जुलै

बाई,

पायाला हात लावला असं समजा. पत्रातून याहून जास्त वाकता येत नाही, आणि प्रत्यक्ष आलो असतो तर तुम्ही दार उघडलं असतं की नाही याची खात्री नाही. अठरा वर्षांनी लिहितोय. पत्ता शाळेच्या जुन्या शिपाईमामांकडून काढला. ते आधी देईनात. म्हणाले, "बाईंनी सांगितलंय, पंपवाल्याला सोडून कुणालाही द्या." मी म्हटलं, "मग पंपवाल्याच्या बायकोला द्या." हसले आणि दिला. तेव्हा अक्षर माझं असलं तरी पत्ता हिच्या नावावर मिळालाय, एवढं लक्षात ठेवा आणि पत्र फाडू नका.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, कान मात्र अजून तिखट. कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना कुठल्या मोटरचं बेअरिंग गेलंय ते आजही चालता चालता सांगतो. तुम्ही वर्गात म्हणायचात, "एकतीस नंबर, तुझं पुस्तक कोरं आहे, पण शेजारच्या वर्गातला धडा तुला पाठ असतो." अजून तसंच आहे. पन्नास वर्षांत एवढीच प्रगती.

आता कामाचं. थोरल्याची मुलगी, म्हणजे माझी नात, आठवीत आहे, आपल्याच शाळेत. जूनमध्ये आठवडाभर गेली आणि मग तिच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी साडेसहाला दुखतं, शाळेची घंटा होऊन गेली की थांबतं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. पोट ठणठणीत आहे. थोरला म्हणतो, "नाटकं आहेत सगळी." मी तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहून ऐकतो. नाटक करणारं माणूस बघायला कुणी नसताना कण्हत नाही, बाई. ही कण्हते. मुख्याध्यापक म्हणाले, सप्टेंबरअखेरपर्यंत नियमित आली नाही तर यंदाचं वर्ष गेलं म्हणून समजा. आमच्या घरात एक वर्ष असं आधी गेलेलं आहे. दुसरं जाऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलंय.

म्हणून ती फळी आठवली.

तुम्ही नव्यानं लागला होतात. चोवीसच्या असाल. आम्ही नववीतले घोडे, आणि तुम्ही रोज मला विचारायचात, "काय रे, आज काय झालं?" वडील जाऊन महिना झाला होता. एक दिवस मी भर वर्गात ओरडलो, "रोज रोज काय विचारता? गळ्यात पाटी लावून हिंडू का आता?" आता छडी पडणार म्हणून मी हात पुढं केला. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "हो. लाव की."

दुसऱ्या दिवशी तुम्ही सुताराकडून एक लांब फळी आणलीत. दोन ओळींत खिळे, वर बेचाळीस, खाली बेचाळीस. बिल्ले करायचं काम माझ्याकडे, कारण शाळा सुटल्यावर मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जात होतो. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून, कडा घासून, खिळ्यानं ठोकून आकडे उठवले. माझ्या आयुष्यातली पहिली ऑर्डर ती. नियम तुम्ही दोन वाक्यांत सांगितलेत. बिल्ला वरच्या खिळ्याला असेल तर रोजच्यासारखं. खालच्या खिळ्याला असेल तर आज मला काही विचारू नका. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "कारण सांगायचं का बाई?" तुम्ही म्हणालात, "कारण सांगायचं असतं तर पत्रे कशाला कापले?"

दाराशी तो टिणटिण आवाज व्हायचा सकाळी. मला तर आवाजावरून कळायचं की कोणी वर लावला आणि कोणी खाली. खालचे खिळे जरा सैल होते.

अठरा वर्षांपूर्वी ती फळी का निघाली, तो विषय नको. तुम्ही मुख्याध्यापिका (तरी नववीचं गणित स्वतःच घ्यायचात), मी शाळा समितीवर. पालकांची तक्रार होती, ठराव आला, सात हात वर झाले, त्यातला एक माझा. बहुमत ते बहुमत.

ती परत लावायची आहे. मुख्याध्यापकांना विचारलं, ते हो म्हणाले (आता मी समितीचा अध्यक्ष आहे, हो म्हणणारच). तुम्ही ती कशी चालवत होतात तेवढं कळवा. दोन ओळी पुरेत.

तुमचा,
एकतीस

३ ऑगस्ट

बाई,

उत्तर आलं नाही. येणार नाही असं ही म्हणालीच होती. "अठरा वर्षं गप्प बसलात आणि आता दोन ओळी पुरेत म्हणे!" तिचं बरोबर आहे, पण मला थांबायला वेळ नव्हता. मी माझ्या अकलेनं केलं.

हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचं वाचून झाल्यावर हसू थांबवा.

माणसाकडे कारखाना असला की त्याला साधा खिळा ठोकवत नाही. मी स्टेनलेसची पाटी केली. प्रत्येक मुलाला एक बटण. वर केलं तर हिरवा दिवा, खाली केलं तर तांबडा. मुख्याध्यापकांच्या टेबलावर आकडा दिसायची सोय: आज खाली किती. मुख्याध्यापक इतके खूश की त्यांनी नारिंगी दिव्याचीही सूचना केली, अधलंमधलं वाटणाऱ्यांसाठी. वर्गशिक्षिकेला वरून एक छापील तक्ता आलेला होता, विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य असं वर लिहिलेला, त्याला रकाने चौदा. तिला वाटलं, बरं झालं, आता तक्ता भरता येईल.

पहिल्या दिवशी आठवीची सगळी पाटी तांबडी. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. मुख्याध्यापकांना वाटलं शॉर्ट झालं, त्यांनी वायरमनला बोलावलं. मी जाऊन पाहिलं, वायरिंग उत्तम. पोरांना दिव्यांची गंमत वाटली, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी फक्त एक दिवा तांबडा होता. आमच्या नातीचा.

मीच तिला नेलं होतं. पोट धरून आली बिचारी, माझ्या शब्दावर. मी तिला सांगितलं होतं, "बटण खाली कर, कुणी तुला हूं की चूं करणार नाही. आजोबांची गॅरंटी." मी बाहेर व्हरांड्यात थांबलो. वर्गशिक्षिका आत गेल्या. स्वभावानं वाईट नाहीत त्या, आवाज गोड आहे. त्या म्हणाल्या, "अरे, आज कुणीतरी खाली आहे वाटतं! उभी राहा बाळा. सांग बघू सगळ्यांना काय झालंय. आपण सगळे एक कुटुंब आहोत ना?"

भिंतीपलीकडून मला सत्तेचाळीस मुलांची मान वळल्याचं ऐकू आलं. मानेला आवाज नसतो हे मला माहीत आहे. तरी ऐकू आलं.

नात घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढं चालत राहिली. दारात चप्पल काढताना म्हणाली, "आजोबा, तुमची गॅरंटी तुमच्या पंपांना द्या." आणि आत गेली. तेव्हापासून तिचं पोटही दुखत नाही, कारण शाळेचं नावच निघत नाही. सून ताट दाराशी ठेवते. माझ्याशी अबोला आहे.

तुमच्या वेळी एवढं चाललं, माझ्या वेळी का नाही? पत्रे मी कापले होते, आकडे मी ठोकले होते. मला वाटत होतं, ती फळी मला पुरती माहीत आहे.

एक ओळ लिहा, बाई. रागाची लिहिलीत तरी चालेल.

एकतीस

१७ ऑगस्ट

बाई,

कार्ड पोचलं. अक्षर तसंच आहे, फळ्यावर लिहिल्यासारखं सरळ. मी ते इतक्यांदा वाचलंय की आता तुम्हालाच परत म्हणून दाखवतो:

"यंत्र काढून टाक. खिळ्यांत काही नव्हतं. बिल्ला खाली दिसला की मी काय करत होते ते तुला ठाऊक नाही, कारण तू स्वतःच्या दुःखात होतास आणि ते बरोबरच होतं. तुझ्या धाकटीला विचार. तिनं एकोणीस दिवस पाहिलंय."

यंत्र त्याच दिवशी काढलं. स्टेनलेस चांगलं आहे, कुठंतरी वापरू.

धाकटीला अजून विचारलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, एका घरात राहता, जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसता, विचारायला काय लागतं? सांगतो. धाकटी आता बत्तीस वर्षांची आहे. कारखान्यात टेस्टिंग तिच्याकडे आहे. तिनं पास केल्याशिवाय एक पंप फाटकाबाहेर जात नाही, आणि कधी कधी मी पास केलेला ती परत पाठवते. कान माझ्यापेक्षा तिखट. आम्ही दिवसभर बोलतो. प्रेशर, गळती, कुठला माल कधी निघणार. "बाबा, सातवा नंबर गरम होतोय." "बघतो." असं बोलणं. पण ती नववीत होती ते वर्ष आमच्या घरात अठरा वर्षांत कुणी उच्चारलेलं नाही. त्या वर्षावरून आम्ही असे वळसा घालून जातो, जसं अंगणातल्या उघड्या खड्ड्याला वळसा घालतात. सवयीनं. आता पायांनाही विचारावं लागत नाही.

आज रविवार, घर शांत आहे, म्हणून आठवत बसलोय. ती पाचवीत असताना तुमच्याकडे यायची तेव्हा दप्तरात माझा जुना टेस्टर लपवून आणायची, तुम्हाला आठवतं? तुम्ही जप्त केलात, आणि संध्याकाळी तुमच्या घरचा फ्यूज गेला तेव्हा तिलाच बोलावून दुरुस्त करून घेतलात. घरी येऊन काय ऐट! "बाईंच्या घरी उजेड मी पाडला." सातवीत गणितात पहिली आली तेव्हा मी वेडा झालो, बाई. दुकानाचा नुकता कारखाना झाला होता. मी नववी नापास माणूस आणि माझी मुलगी पहिली! भेटेल त्याला सांगायचो, "आमची धाकटी दहावीत शाळेत पहिली येणार." न्हाव्याला सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, बँकेतल्या साहेबाला सांगितलं. तिच्या भिंतीवर वेळापत्रक लावलं, पहाटे साडेचारपासूनचं. ती नववीत गेली आणि सगळे तिला विचारू लागले, "काय, पहिली येणार ना?" मला ते ऐकून बरं वाटायचं.

मग तिचा बिल्ला खाली आला. आणि खालीच राहिला.

मागच्या महिन्यात मी लिहिलं की पालकांची तक्रार होती. कार्डावर तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. तुम्हाला ठाऊक असणारच. तक्रार एकाच पालकाची होती आणि तो पालक मी होतो. कुणीतरी समितीच्या बैठकीआधी चहा पिताना म्हणालं, "पंपवाल्याची मुलगी पंधरा दिवस खाली लटकलीय म्हणे," आणि सगळे हसले. मी पण हसलो. आणि पुढच्या बैठकीत "मुलांच्या कमजोरीचं जाहीर प्रदर्शन" असे शब्द घालून ठराव मीच मांडला. हात वर करणाऱ्यांत माझा एक नव्हता. माझा पहिला होता.

यावर तुम्ही राजीनामा दिलात, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना. निरोपाला मी आलो नाही.

धाकटीला विचारायचं तर हे आधी सांगावं लागेल. तिला वाटतं ठराव शाळेनं केला.

एकतीस

३० ऑगस्ट

बाई,

विचारलं.

टेस्टिंगच्या टाकीपाशी गेलो. ती पंप लावून कान देऊन उभी होती. मी म्हटलं, "जरा बंद कर." म्हणाली, "दोन मिनिटं, बाबा. हा खोटं बोलतोय, त्याला पकडू दे." पंपाबद्दल बोलत होती. पकडला, बंद केला, हात पुसले. "बोला."

मी सगळं सांगितलं. न्हाव्यापासून ठरावापर्यंत. सांगताना मी टाकीतल्या पाण्याकडे बघत होतो.

तिनं हातातलं फडकं टाकीच्या काठावर ठेवलं. मग म्हणाली, "फळी तुम्ही काढायला लावलीत."

"हो."

"मला वाटायचं माझ्यामुळे निघाली. मी जास्त दिवस वापरली, म्हणून. सगळ्यांची गेली माझ्यापायी. त्यानंतर चार दिवस मी गेले ना शाळेत, मुली माझ्याकडे बघायच्या. नंतर मला त्या दारातून आत जाताच येईना." एवढं बोलून तिनं पान्हा उचलला, बघितला, परत ठेवला. "अठरा वर्षं, बाबा. एकदा सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

खोटं सुचलं, पण ती पकडते.

मग मी विचारलं, बाई काय करायच्या. मला वाटलं, आता ही उठून जाईल. ती तिथंच पालथ्या बादलीवर बसली आणि सांगायला लागली, आणि हळूहळू आवाज नववीतला झाला.

म्हणाली, "काहीच करायच्या नाहीत. म्हणजे दिसेल असं काहीच नाही. वर्गात आल्या की फळीकडे एकदाच बघायच्या, तेही खडू शोधता शोधता. मग माझ्याकडे बघायच्याच नाहीत. मला फळ्यापाशी बोलवायच्या नाहीत. पण वह्या परत देताना माझी वही सगळ्यांत शेवटी, म्हणजे तोवर सगळे आपापल्या वहीत असायचे, माझ्या वहीत कुणी डोकावायचं नाही. आणि वहीत त्या दिवशीच्या गणिताऐवजी मागच्या वर्षातलं एक सोपं गणित लिहिलेलं असायचं. मला हमखास येणारं. मधल्या सुट्टीत आपल्या ऑफिसात जायच्या नाहीत. मी मागच्या जिन्यात बसायचे, तिथं येऊन दोन पायऱ्या वर बसायच्या आणि वह्या तपासायच्या. एक शब्द नाही. फक्त पान उलटल्याचा आवाज. सातव्या का आठव्या दिवशी मीच बोलले. म्हणाले, बाई, मला झोप लागत नाही. तर मान वर न करता म्हणाल्या, किती दिवस?"

पन्नास वर्षांपूर्वी तुम्ही मागच्या जिन्यात वह्या तपासत बसायचात, ते मला आठवतं, बाई. मला वाटायचं स्टाफरूममध्ये उकडत असेल.

"आणि तिसऱ्या दिवशी घरी यायच्या," धाकटी म्हणाली. "तीन दिवस बिल्ला खाली राहिला की घरी. माझ्या वेळी पण येऊन गेल्या. तुम्ही नव्हतात."

आता हे तुम्हाला लिहायचं आहे, आणि याच्यासाठीच एवढी पानं वापरली.

मी होतो. आतल्या खोलीत. खिडकीतून तुम्हाला फाटकाशी पाहिलं आणि हिला म्हटलं, "सांग, बाहेर गेलेत." ही नाही म्हणत होती, मी डोळे वटारले. मी दाराआड उभा राहून सगळं ऐकलं. तुम्ही म्हणालात, "ते आले की सांगा, तिला पहिल्या नंबरचं विचारू नका. ते वेळापत्रक भिंतीवरून काढा. आणि रात्री झोप लागते का, तेवढं विचारा." शब्द न् शब्द ऐकला. आणि मी भिंतीवरचं वेळापत्रक नाही काढलं. तुमची फळी काढली.

धाकटीला तेही सांगितलं. ती उठली, पंप परत सुरू केला. त्या आवाजातच म्हणाली, "उद्या समितीत जाऊन हे सांगा. मला सांगितलंत तसं. मग मी पोरीचं बघते."

"उद्या बैठक नाही."

"तुम्ही अध्यक्ष आहात ना? ठराव करायला बैठक मिळाली होती ना? याला पण बोलवा."

एकतीस

२६ सप्टेंबर

बाई,

दुसरं कार्ड आलं. एकच ओळ. "त्या दिवशी तुझ्या चपला दारात होत्या, म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं बोलले."

मी अठरा वर्षं समजत होतो की माझे कान तिखट म्हणून मला ऐकू आलं! हिला वाचून दाखवलं तर ही पोट धरून हसली, आणि मग पदराला डोळे पुसत आत गेली. माझ्यावरचा तिचाही एक जुना राग होता, तो हसण्याबरोबर थोडा गेला असावा. थोडाच.

बैठक झाली. मी उभा राहून सांगितलं. जुने दोघेच उरलेत समितीत, ते चहाच्या कपात बघत बसले. नव्यांपैकी एक जण म्हणाला, "अहो, पण हे कार्यवृत्तात कसं घ्यायचं?" मी म्हटलं, "जसं बोललो तसं घ्या." नंतर शिक्षकांसमोर धाकटी बोलली. कारखान्याच्या कपड्यांत आली होती, हाताला ग्रीस. तुम्ही काय करायचात ते तिनं सांगितलं, दहा मिनिटंही लागली नाहीत. मुख्याध्यापकांनी विचारलं, "याची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवायची?" ती म्हणाली, "नाही ठेवायची. तेच तर काम आहे." वर्गशिक्षिका रडल्या. म्हणाल्या, "मला वाटलं विचारलं की बरं वाटतं." धाकटी त्यांना म्हणाली, "मॅडम, विचारायचंच आहे. पण तिनं तोंड उघडल्यावर."

नवी फळी साधी आहे, नुसते खिळे. बिल्ले या वेळी पोरांनीच कापले, माझ्या कारखान्यात येऊन. तीन जणांच्या बोटांना कापलं, दोघांना नोकरी हवी आहे.

नातीला आत्यानं काय सांगितलं मला माहीत नाही. दार बंद करून दोघी तासभर बसल्या आणि मी, तुम्हाला पटणार नाही, दाराशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी दोघी बरोबर निघाल्या. आत्या शाळेच्या फाटकापर्यंत. बिल्ला खाली. गणिताचे सर तरुण आहेत, मिशी नुकती फुटल्यासारखी. त्यांनी मधल्या सुट्टीत जिन्यात बसायला सुरुवात केली. नात घरी येऊन म्हणाली, "ते सर वेडे आहेत. पायरीवर बसून वह्या तपासतात, पँट मळते." तिसऱ्या दिवशी सर घरी आले. मी दार उघडलं, बसवलं, आणि ते बोलत असताना मधे बोललो नाही. थोरला दोनदा बोलायला गेला, मी त्याचा पाय दाबला.

नंतर अकरा दिवस बिल्ला खालीच. मी मोजत होतो, बोलत नव्हतो.

परवा ती घरी आली ती दारातूनच ओरडत. "आजोबा, मी चुकले! फळ्यावर! सगळ्यांसमोर!" मी उठून बाहेर आलो. बघतो तर नात हसतेय. बिल्ला खाली असताना तिनं आपणहून हात वर केला होता. सर म्हणाले, "नक्की?" ही म्हणाली, "नक्की." गणित असं: एक नळ टाकी सहा तासांत भरतो, खालचा नळ भरलेली टाकी आठ तासांत रिकामी करतो. दोन्ही एकदम उघडले तर टाकी किती तासांत भरेल? हिनं आठातून सहा वजा केले आणि दोन लिहिले. सर म्हणाले, "बरं. नुसत्या वरच्या नळाला सहा तास लागतात आणि गळतं भोक असताना दोनच?" तेव्हा सगळा वर्ग हसला आणि ही पण हसली, आणि मग सरांनी नि हिनं मिळून चोवीस काढले.

मी म्हटलं, "पण खालचा नळ उघडा ठेवून वर पंप लावणारं असलं गिऱ्हाईक आहे कोण?"

"गणितात असतं तसं, आजोबा."

"मला एक दाखव."

आत्या जेवता जेवता म्हणाली, "करून बघू की."

काल कारखान्याला सुट्टी होती. टेस्टिंगची छोटी टाकी घेतली, तासांऐवजी मिनिटं धरली. धाकटीनं वरचा नळ बरोबर सहा मिनिटांचा लावला, खालचा आठाचा. नात घड्याळ घेऊन उभी. दोन्ही उघडले. पाणी चढलं, चढलं, आणि अर्ध्याच्या दोन बोटं खाली येऊन थांबलं. चोवीस मिनिटं झाली. तीस झाली. चाळीस झाली. थांबलंय ते थांबलंय. वरून येतंय तेवढंच खालून जातंय.

नात म्हणाली, "नळ बिघडला."

धाकटी हसायला लागली. बाई, तिचं तसलं हसू मी फ्यूजच्या दिवसानंतर ऐकलं नव्हतं. म्हणाली, "नळ नाही बिघडला. पाणी वर चढलं की खालच्या नळाला जोर येतो. आठ तासांत रिकामी होते म्हणजे काय सगळे आठ तास सारखंच पडतं? भरलेली असताना धो धो, शेवटी थेंब थेंब. ही टाकी कधीच भरणार नाही." आणि मी, चाळीस वर्षं पंप विकणारा, हे रोज डोळ्यांनी पाहणारा, पुस्तकात छापलेलं दिसल्यावर चोवीसला मान डोलावून बसलो होतो.

"म्हणजे पुस्तक चुकलं?" नात म्हणाली.

"पुस्तक चुकलं."

"सर चुकले?"

"सर पण."

"आणि आजोबांच्या बाई? त्यांनी पण हेच शिकवलं असणार ना?"

मी म्हटलं, "तीस वर्षं. फळ्यावर. सगळ्यांसमोर."

तेव्हा बाई, तुम्ही पण चुकलात. ही बातमी पत्रानं कळवणं बरं नाही, टाकी बघायला यावंच लागेल. धाकटी म्हणते ती न्यायला येईल, मला पाठवू नका म्हणते, बाबा वाटेत बोलून बोलून बाईंचं डोकं खातील. तिचं ऐका. दार तिच्यासाठी उघडा. मी इथं थांबतो.

आता पुरे करतो. सात वाजलेत, आज शाळेत सोडायची पाळी माझी. नात बूट घालून, हातात ते भिजलेलं घड्याळाचं टिपण घेऊन दारात उभी आहे, सरांना प्रार्थनेच्या आधी गाठायचंय म्हणे, आणि माझ्याच नावानं ओरडतेय, "आजोबा, आवरा ना, उशीर होतोय शाळेला!"